मलकापूरच्या पावसातला अनंत

मलकापूर
३० जून २०२४

चन्नाप्पा,

तुझा अनंत पोचला. टेम्पोवाल्यानं पिंप दारात उतरवलं आणि चहाबी न घेता निघून गेला. धोंडुबाईनं पिंपाभवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आवं, चन्नाप्पाभावजींनी झाड पाठवलंय का आजारी माणूस?" पानं समदी पिवळी, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या.

मला एक कळंना झालंय. नोकरीत हुतास तवापासनं सांभाळलेलं झाड, ते आत्ताच का पाठवलंस? रुद्रेश घरावर माडी चढवतोय, अंगणात वाळू-विटा पडल्यात, असं तू चिठ्ठीत लिहिलंयस. तुझा पोरगा काय जल्मभर माडी बांधत बसणार हाय? काम झाल्यावर परत ठेवायचं की जाग्यावर. पण आलंय तर आलंय. चांगला कमरेएवढा खड्डा काढला, दोन पाट्या शेणखत घातलं आणि लावून टाकलं. हितं पावसाला तोटा न्हाय, तवा पाणी घालायचं कामच न्हाय.

फोन करतो म्हणून रुद्रेशकडनं निरोप धाडतोस. कुणाला फोन करतोस बाबा? डाव्या अंगाला जल्मभर एस.टी.चं इंजिन बसलं, त्यो कान आधी गेला. उजवा त्याच्या मागनं गेला. फोन कानाला लावला की घाटात ब्रेक दाबल्यागत नुसतं चरचरतंय. तू पत्रच लिही. तू कंडक्टर, तुझं अक्षर सरळ. माझं डायव्हरचं, वळणं लई.

तुझा
केरबा


जयसिंगपूर
७ जुलै २०२४

केरबा,

तुझं पत्र शांतव्वानं हातात दिलं आणि पहिलं पान वाचूनच मी कपाळाला हात लावला. कमरेएवढा खड्डा! अरे मर्दा, तिथं तू झाड लावलंयस की विहीर काढलीयस? तुमच्या मलकापूरचा पाऊस चार दिवस बसला की त्या खड्ड्यात पाणी साचणार, मुळ्या कुजणार आणि श्रावणापर्यंत झाडाची काठी होणार. हे पत्र वाचून झालं की आधी त्याला बाहेर काढ. जेवणबिवण नंतर.

आता नीट वाच. अंगणात जिथून पाणी वाहून जातं अशी जागा बघ. तिथं गुडघ्याएवढा उंचवटा कर. खाली दगडगोटे टाक, वर तुमची लाल माती, तिच्यात कुजलेला पालापाचोळा आणि थोडंसंच शेणखत मिसळ. झाड त्या उंचवट्यावर बसव. मुळांभोवतीची माती झाडू नकोस आणि खोडाला माती चढवू नकोस. सकाळचं ऊन मिळालं तर उत्तम. पानं पिवळी आहेत ती आजारानं नव्हे. आमची काळी माती आणि बोअरचं खारं पाणी त्याला सोसत नाही. अनंताला आंबट माती लागते. ती तुझ्या अंगणातच आहे.

हे झाड तुमच्याच बाजूचं आहे, विसरलास का? आंब्याच्या घाटात दरड आली होती आणि आपली रत्नागिरी गाडी अलीकडंच अडकून पडली होती. पोरंबाळं रडायला लागली, तेव्हा रस्त्याकडेच्या घरातली म्हातारी छत्रीसुद्धा न घेता आली आणि सगळ्या गाडीला चहा पाजला. तिच्या दारात हा अनंत. धो धो पाऊस, आणि हा पांढराशुभ्र फुललेला. मी म्हटलं, "आजी, एवढ्या पावसात टिकतो कसा?" ती म्हणाली, "पावसाला न्हाय भीत त्यो. पाण्यात उभं ऱ्हायाला भितो." तिनंच फांदी मोडून दिली. ती मी ओल्या फडक्यात गुंडाळून पैशाच्या बॅगेत ठेवली, आणि तू कोल्हापूरपर्यंत मला हसत आलास.

पुढं तिचीच फुलं तुझ्या गाडीत असायची. सकाळची पहिली फेरी सुटताना मी देवाच्या फोटोला एक लावायचो आणि उचगावच्या भाजीवाल्या बायका चढल्या चढल्या विचारायच्या, "आज वास कसला ओ पावणं?" डिझेलचा वास मागं पडायचा.

कळव मला. धोंडुवहिनींना नमस्कार.

चन्नाप्पा


मलकापूर
४ ऑगस्ट २०२४

चन्नाप्पा,

तू सांगितलंस तसं केलं. खड्ड्यात बघतोय तर खरंच गुडघाभर पाणी. भर पावसात दगड वाहिले, कंबर धरली. धोंडुबाई शेक देत म्हणत हुती, "या वयात झाडापायी मरायला झालंय व्हय?" उंचवट्यावर बसवल्यावर आठ दिसात निम्मी पानं गळाली. मी म्हटलं झालं, चन्नाप्पाची ठेव बुडवली. रोज सकाळी उठून बघायला भ्या वाटायचं.

पण काल शेंड्याला दोन पानं आल्यात. हिरवीगार, तेल लावल्यागत चकाकणारी. धोंडुबाईला बोलवून दाखवली. तिनं बघितली आणि कोंबड्या लांब बांधल्या.

तुमच्याकडं पंचगंगा, कृष्णा दोन्ही चढल्यात म्हणं. शिरोळ तालुक्यातल्या गावांचं पेपरात वाचून जीव थाऱ्यावर न्हाय. तुझ्या घरापतुर पाणी आलं का? उलट टपाली कळव. फुलाचं मागनं बघू.

केरबा


जयसिंगपूर
१८ ऑगस्ट २०२४

केरबा,

काळजी करू नकोस, पाणी आमच्या गल्लीत आलं नाही. शांतव्वाची कुरुंदवाडची बहीण मुलांना घेऊन आमच्याकडं राहायला आली होती, त्यामुळं घर भरलेलं होतं. आता ती मंडळी गेली, आणि घर फारच शांत वाटतंय.

तुझं दोन पानांचं वाचून मी शांतव्वाला हाक मारली. ती पोळ्या टाकून आली. तिला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा मीच वाचलं.

आता पाऊस उघडेपर्यंत काही करू नकोस. छाटू नकोस, खत घालू नकोस, सारखा हलवू नकोस. दिवाळीनंतर बुडाशी पालापाचोळ्याचा थर दे. थंडीत पंधरवड्यातून एकदा पातळ ताक ओत, माती आंबट राहील. पानांच्या मागं पांढरा कापूस दिसला तर साबणाच्या पाण्यानं पुसून काढ. आणि कळ्या धरल्या की पाण्याचा ताण पडू देऊ नकोस. अनंताची कळी फार रुसकी. जरा काही बिनसलं की गळून पडते.

माझं ठीक आहे. साखर वाढते, कमी होते. हल्ली बाहेर फारसा जात नाही. माडीच्या कामावर लक्ष ठेवावं लागतं.

कळ्या आल्या की कळव. मी पहिल्या गाडीनं येतो.

चन्नाप्पा


मलकापूर
१० एप्रिल २०२५

चन्नाप्पा,

कळ्या आल्या! लांबड्या, हिरव्या, पीळ दिल्यागत. मोजायला गेलो तर धोंडुबाईनं हात धरला, मोजल्यावर गळत्यात म्हणं. मग मोजल्या न्हाईत. पण लई हायत.

झाड आता माझ्या छातीला लागतंय. तुझा पिवळा रोगी आता वळखायचा न्हाईस तू. मी सकाळी चहा घेऊन त्याच्याम्होरंच बसतो. स्टेअरिंग सुटल्यापासनं या हातास्नी काम नव्हतं गड्या. रिटायर झालो त्या सालात तर मी रोज पहाटे उठून दारात उभा ऱ्हायचो, फेरीची वेळ झाल्यागत. तुला कवा सांगितलं न्हाय. आता उठलो की आधी त्याची पानं बघतो.

एक इचारू? वरीस होत आलं, तू हिकडं फिरकला न्हाईस. दिवाळीपासनं तुझं नुसतं दोन वळींचं कार्ड येतंय. नोकरीत असताना दसरा चुकवला न्हाईस कवा. माडी झाली का न्हाय अजून? ती झाली असली तर ये, झाली नसली तरीबी ये. मे महिन्यात फुलतंय हे. धोंडुबाई म्हणतीय, भावजींस्नी तांबडा-पांढरा चालत न्हाय, त्यांच्यासाठी मी आंबोळ्या करते.

केरबा


जयसिंगपूर
२८ एप्रिल २०२५

केरबा,

येतो. रविवारी, २५ मे रोजी, सकाळच्या गाडीनं. मलकापूर स्टँडवर उतरेन. वहिनींना सांग, आंबोळ्यांबरोबर चटणी तिखट करा.

जास्त लिहीत नाही, आता समोरच बोलू. पहिलं फूल मात्र तोडू नकोस. मला झाडावरचं बघायचं आहे.

चन्नाप्पा


मलकापूर
२६ मे २०२५

चन्नाप्पा,

काल सकाळपासनं मी स्टँडवर हुतो. अवंदा पावसानं मे महिन्यातच गाठलंय, छत्री धरून उभा. कोल्हापूरच्या येतील तेवढ्या गाड्या बघितल्या. दरवाज्यातनं शेवटचा माणूस उतरला की कंडक्टर मला इचारायचा, "आजोबा, कुठं जायचंय?" मी म्हणायचो, कुठं न्हाय. दिवस कलल्यावर घरला गेलो. धोंडुबाईनं आंबोळ्या झाकून ठेवल्या हुत्या. आम्ही दोघं बी जेवलो न्हाय.

यायचं नव्हतं तर लिहायचं हुतं. रुद्रेशनं शेजारच्या पोराच्या मोबाइलवर निरोप धाडला, अप्पांना जमलं न्हाय. का जमलं न्हाय? माडी बांधणाऱ्या माणसास्नी आता आमच्या चिखलात पाय घालायचा नसंल. त्यो पोराचा पैसा, त्याचा तुला मान असंल. मला काय त्यातलं कळत न्हाय.

झाड फुललंय. पयलं फूल तोडलं न्हाय. पावसानं पिवळं पडून गेलं.

मी आता लिहीत न्हाय. तू बी लिहू नको.

केरबा


जयसिंगपूर
४ जून २०२५

केरबाअण्णांना शांतव्वाचा नमस्कार.

माझं शिक्षण कन्नड शाळेत झालं. मराठी लिहायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे.

अण्णा, आमच्या घरावर माडी नाही. कधी बांधायला काढलीच नाही. मागच्या वर्षी जूनमध्ये यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. साखरेनं जखम चिघळली होती. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्याच दिवशी यांनी रुद्रेशला सांगितलं, अनंत केरबाकडं पाठव. मी म्हटलं, मी पाणी घालेन. तर म्हणाले, "दुसऱ्यानं घातलेलं मला खिडकीतून बघायचं नाही." तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. "केरबाच्या डोळ्यांपुढं मी धावत्या गाडीच्या मागं पळणारा कंडक्टर आहे, तसाच राहू दे," असं म्हणाले.

तुमचं पत्र आलं की दिवसभर उशाशी असतं. इतर दिवशी भिंतीकडं तोंड करून पडून असतात. कोण आलं तर मला सांगतात, झोपलेत म्हण.

२५ तारखेला येतो म्हणाले ते खोटं नव्हतं. पहाटे उठून आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले. रुद्रेशनं स्टँडपर्यंत गाडी सांगितली होती. उंबऱ्यापर्यंत कुबड्यांवर आले. समोरच्या ओट्यावर गल्लीतली माणसं बसली होती. तिथून मागं फिरले, कपडे बदलले आणि झोपले. तुमचं शेवटचं पत्र वाचून त्यांनी ते मला दिलं नाही, मी उशीखालून काढून वाचलं.

मी शपथ मोडली. तुम्ही रागावू नका त्यांच्यावर. रागावलात तरी एकदा या.

तुमची बहीण
शांतव्वा


मलकापूर
९ जून २०२५

चन्नाप्पा,

१५ तारखेला, रविवारी, सकाळी तयार ऱ्हा. पुतण्याची जीप घेऊन येतोय. मी चालवणार. डोळं अजून शाबूत हायत.

शांतव्वाच्या अंगावर जायचं न्हाय. तिनं पत्र लिहिलं म्हणून तू वाचलायस, न्हायतर मी जिता हाय तवर तुझ्याशी बोललो नसतो.

केरबा


जयसिंगपूर
६ जुलै २०२५

केरबा,

तू मला घरी सोडून गेलास त्याला तीन आठवडे झाले. लिहायचं मनात रोज होतं, पण कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. तुझ्यासमोर बरंच बोलायचं राहिलं, ते आता लिहितो.

तू दारात आलास तेव्हा मी मांडीवर चादर ओढून बसलो होतो. काय बोलशील याची रात्रभर भीती होती. रडशील, देवाला बोल लावशील, इतर लोकांसारखा पाठीवरून हात फिरवशील. आणि तू अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलास, "कुठला पाय?" मी डावा म्हणून खूण केली, तर म्हणालास, "मग बरं झालं. क्लचचा गेला. ब्रेकचा शाबूत हाय." शांतव्वा स्वयंपाकघरात हसली. ती वर्षभरानं हसली, केरबा. मग तोंडाला पदर लावून रडली, ते तुला दिसलं नाही.

समोरच्या ओट्यावरची माणसं त्या दिवशीही होती. तू आणि रुद्रेशनं मला उचललं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. जीप शाहूवाडीकडं वळल्यावर उघडले. आपण दोघं शेजारी शेजारी बसून तो रस्ता कधीच बघितला नव्हता. मी नेहमी मागं, पॅसेंजरांच्या गर्दीत, आणि तू पुढं. पुढून तो किती वेगळा दिसतो. जुनी झाडं तोडून रस्ता रुंद केलाय, थांबे ओळखू येत नाहीत. तरी तू प्रत्येक जुन्या थांब्याला गाडी हळू करत होतास. तुझं तुला कळत होतं की नाही, कोण जाणे.

झाडाचं सांगतो. तू खजील झालास, फुलं संपत आली म्हणून. मला फुलांचं काही वाटलं नाही. एवढ्या पावसात ते गच्च हिरवं उभं होतं. मात्र पानांवर काळी काजळी धरली होती, ती तुझ्या नजरेतून सुटली. मी पोतं मागितलं आणि चिखलात बसलो. वहिनी ओरडल्या, भावजी, कपडे! तू साबणाचं पाणी आणलंस. खालच्या फांद्यांची पानं मी पुसत होतो, वरच्या तू. पाऊस येत होता, जात होता. हात दुखायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण केव्हापासून इथं आहोत आणि इतक्या वेळात मला पायाची आठवणसुद्धा झाली नाही.

त्याच वेळी तू पलीकडून म्हणालास, "तू झाड पाठवलंस तवा मला वाटलं हुतं, ह्यो आता सामान वाटाय लागलाय." मी त्यावर काहीतरी बोललो. तुला ऐकू आलं नाही आणि मला ओरडून सांगता येईना. मी म्हणालो होतो, "तसंच होतं." ते आता लिहून कळवतो. मी आवरायलाच घेतलं होतं, केरबा. अनंत तेवढा जगावा असं वाटत होतं, म्हणून तो तुझ्याकडं दिला. तो जगला की नाही ते कळेपर्यंत थांबायला हवं होतं, म्हणून थांबलो. दोन पानं आली, म्हणून आणखी थांबलो. मग कळ्यांसाठी. तू खोळंबवून ठेवलंस मला.

निघताना छाटलेल्या फांद्या मी मांडीवर घेतल्या होत्या. त्यांच्या काड्या करून वाळूत खोचल्या आहेत, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. खिडकीखाली सावलीत ठेवल्यात. चार-पाच काळ्या पडल्या, बाकीच्या अजून हिरव्या आहेत. या हवेला मुळं फुटायला हरकत नाही. काल गल्लीतल्या दोघीजणींनी येऊन एकेक रोप सांगून ठेवलं. मी बजावलं, आमच्या मातीत हे असं-तसं लावायचं नाही, आधी माझ्याकडं शिकायला यायचं.

आणखी एक. रुद्रेशनं हिवाळ्यातच मला कृत्रिम पाय करून आणला होता. तो मी कपाटावरून खाली काढू दिला नव्हता. गेल्या सोमवारी काढला. फार लागतो, कातडी सोलते. घरातल्या घरात भिंत धरून हिंडलो. आज सकाळी मात्र पायऱ्या उतरलो. शांतव्वा मागं दंड धरून होती, तिला सोड म्हणालो. समोरच्या ओट्यावरून चौगुले ओरडले, "काय कंडक्टर, कुठं निघालासा?"

मी म्हणालो, "शेणखत कुणाकडं मिळतंय का बघायला."

कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं विजेच्या खांबाला धरून बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो. घामानं सदरा भिजला होता. शांतव्वानं पाणी दिलं आणि विचारलं, "मिळालं का?"

म्हटलं, "नाही. गोठा त्याच्या पुढं आहे. उद्या जातो."

चन्नाप्पा